आवाजाची बदली

प्रणिता तायडेची मुलगी जन्मली, असं नेमकं म्हणता येत नव्हतं. ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेली, एवढंच झालं होतं.

प्रणिता परतवाडा आगारात कंडक्टर होती. एसटीच्या गाड्या विजेवर धावायला लागून बरीच वर्षं झाली होती. तिकिटं लोक मोबाइलवर काढत आणि बहुतेक मार्गांवर कंडक्टर उरलेच नव्हते. पण परतवाडा–धारणी हा रस्ता मेळघाटच्या जंगलातून जातो. घाट लागला की रेंज जायची, आणि बाजार करून परतणाऱ्या कोरकू आदिवासी म्हाताऱ्यांना त्यांचं गाव आलं हे सांगायला माणूसच लागायचं. प्रणिताचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. "चला बिहाली, बिहालीऽ! उतरणारे पुढं या!" गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर ती नेहमी वर उचलायची. घाट चढणाऱ्या गाडीसारखं.

तिला दिवस गेले होते, सहावा महिना निम्मा सरला होता. घटांगच्या अलीकडे, चालत्या गाडीतच तिची पाणमोट फुटली. ड्रायव्हरनं गाडी तिथूनच वळवली. परतवाड्याच्या दवाखान्यानं हात टेकले आणि रुग्णवाहिकेतून तिला नागपूरला, जलगर्भाची सोय असलेल्या इस्पितळात नेलं.

"बाळाचं हृदय चांगलं चाललंय," डॉक्टर निलोफर कुरेशी तिच्या उशाशी वाकून म्हणाल्या, "पण तिच्या फुप्फुसांना अजून हवा सोसणार नाही. हवेत आणली तर आपण तिला गमावू. म्हणून तिला हवेत आणायचंच नाही."

जलगर्भ म्हणजे एक पारदर्शक, मऊ पिशवी. आत आईच्या पोटात असतं तसं कोमट, खारट पाणी. नाळ कापायची नाही, ती यंत्राला जोडायची. बाळाचं हृदयच रक्त ढकलतं, ते यंत्रातून प्राणवायू घेऊन परत बाळाकडे येतं. बाळाला कळतही नाही की आपण घर बदललं. साडेपाच महिन्यांची बाळं पूर्वी दहातली दोन-तीन जगत. आता सात-आठ जगत होती.

नवरा विपुल काचेपलीकडे उभा राहून बघत होता. तळहातापेक्षा थोडी मोठी, लाल, पापण्या मिटलेली पोर पाण्यात तरंगत होती. "हे आपली हाये?" त्यानं हळूच विचारलं. जणू मोठ्यानं विचारलं तर कोणी तरी नाही म्हणेल.

प्रणिता बसू शकायला लागली तशी डॉक्टरांनी तिला पिशवीजवळ खुर्ची दिली. गळ्याभोवती एक रुंद पट्टा बांधला आणि उजव्या हातात पुरीएवढी मऊ गादी ठेवली.

"पिशवी सगळं देते, फक्त आवाज देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पोटातल्या बाळाला शब्द ऐकू येत नाहीत. भिंतीपलीकडे कोणी बोलत असलं की आपल्याला कसं ऐकू येतं? काय बोलतात ते कळत नाही, पण कोण बोलतंय ते कळतं. चाल कळते. हा पट्टा तुमच्या गळ्यातली कंपनं उचलून तशीच पाण्यात सोडतो. आणि ती आतून हलली की ही गादी तुमच्या हाताला तसाच धक्का देईल. ती हलली की तुम्ही बोलायचं. तुम्ही बोललात की ती हलेल. यातूनच तिचा मेंदू वाढतो."

"पण मी बोलू काय?"

"रोज जे बोलता ते."

प्रणितानं गळ्यावरचा पट्टा नीट केला. मग घसा खाकरून म्हणाली, "चला परतवाडा, परतवाडा... गाडी सुटून राहिली. बस वं माय, खिडकीपाशी बस. आता बिहाली येईन."

गादी हलली. चिमणीनं चोच मारावी एवढीच. प्रणिता हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. पुढचं घटांग तिला धड म्हणताच आलं नाही.

ती रजेवरच होती. सकाळी येऊन बसायची आणि संध्याकाळी नर्स हाकलेपर्यंत बोलायची. बिहाली, घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी आणि पुन्हा उलटं. मध्येमध्ये सिपना नदीला पाणी किती आहे ते, रानडुक्कर आडवं आलं ते, कोंबड्याचं तिकीट काढणार नाही म्हणून भांडलेली म्हातारी. विपुलचं परतवाड्यात बॅटऱ्यांचं दुकान होतं. तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि काचेबाहेरून बायकोचे हलणारे ओठ बघत बसायचा. पट्ट्यामुळे तिला मोठ्यानं बोलावंच लागत नसे, त्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नसे.

शेजारच्या पिशवीतही एक मुलगीच होती. तिची आई केतकी मुळावकर वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती. समृद्धी महामार्गावर गाडीला अपघात झाला होता. बाळाला वाचवून पिशवीत ठेवलं होतं, आई मात्र डोळे उघडत नव्हती. बाप, अद्वैत, खाली येऊन पट्टा बांधायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि तिसरं अर्ध्यावर सोडून द्यायचा. मग तो परत वर पळायचा. दिवसचे दिवस ती पोर निःशब्द पाण्यात तरंगत होती. ती फारशी हलतही नसे.

एके दिवशी डॉक्टरांनी प्रणिताला विचारलं, "तुमचा आवाज तिच्याही पाण्यात सोडला तर चालेल का? तुमची परवानगी लागेल. रेकॉर्डिंगही ठेवावं लागेल. तुम्ही नसाल तेव्हा वाजवायला."

"घ्या की," प्रणिता म्हणाली. "सीट रिकामी असताना कोणाले खाली उतरवते का कोणी?"

मग तिच्या डाव्या हातातही एक गादी आली.

दोघींचे स्वभाव वेगळे होते. उजव्या हातातली अवखळ. हाक दिली की लगेच लाथ. डावीकडची सावकाश. हाक गेल्यावर बऱ्याच वेळानं, विचार करून उत्तर दिल्यासारखी हलायची. "ते मागच्या सीटवरची हाये," प्रणिता नर्सला सांगायची. "तिले आवाज उशिरा पोचते."

आणि मग एका दुपारी, हरिसाल आणि धारणीच्या मध्ये, उजवा हात गप्प झाला.

झोपली असेल असं तिला वाटलं. ती बोलत राहिली. धारणी आली. गाडी वळली. पुन्हा हरिसाल, पुन्हा कोलकास. पिशवीवरचा हिरवा दिवा लाल झाला तेव्हा डॉक्टर पळत आल्या, आणखी माणसं आली, कोणी तरी तिची खुर्ची मागे ओढली. एवढ्या लहान बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या कागदासारख्या असतात. त्यातली एक फुटली होती. पिशवीला ते थांबवता येत नव्हतं. कोणालाच येत नव्हतं.

"बोला," डॉक्टर म्हणाल्या. "अजून ऐकू येत असेल तिला. बोला."

प्रणिता बोलली. काय बोलली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. थोड्या वेळानं डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती थांबली.

तिनं पट्टा सोडला. उजवी गादी टेबलावर ठेवली. डाव्या हातातली अजून हलत होती, एकसारखी. तीन, चार, पाच धक्के. हाकेची वाट पाहणारे. प्रणितानं तीही गादी टेबलावर ठेवली आणि उठली.

*

परतवाड्याला आल्यावर दोघं त्याबद्दल बोलले नाहीत. विपुलनं आणून ठेवलेला पाळणा भावाच्या घरी पोचवला. प्रणिता लवकरच कामावर रुजू झाली. पण गाडीत ती ओरडेनाशी झाली. ड्रायव्हरला म्हणाली, "माझा घसा बसला, तुमीच सांगा गा." म्हाताऱ्या तिच्याकडे बघत आणि आपापलं गाव ओळखून उतरत.

पावसाळा सरता सरता डॉक्टर कुरेशींचा फोन आला. प्रणिता घरी भाजी निवडत होती.

"प्रणिता, तुम्हाला हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतेय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या पिशवीतली मुलगी आठवते?"

प्रणितानं निवडायची जुडी बाजूला ठेवली.

"तिची आई नुकतीच शुद्धीवर आली; बेशुद्धीतही पंप लावून आम्ही तिचं दूध चालू ठेवलं होतं. मुलगीही परवा पिशवीबाहेर आली. हवेत श्वास घेतेय, वजन छान होतं. पण ती रडतेय. आईच्या कुशीत रडते, बापाच्या कुशीत रडते. दूध ओढत नाही. रडून दमते, झोपते, उठून पुन्हा रडते. वजन उतरायला लागलंय. तुम्ही गेल्यावर आम्ही तुमचं रेकॉर्डिंग तिला ऐकवत राहिलो होतो. तुमची परवानगी होती. तिनं जन्मापूर्वी नीट ऐकलेला आवाज एकच आहे."

"मग लावा ना तेच रेकॉर्डिंग."

"लावलं. क्षणभर थांबते, कान देते, मग हात-पाय हलवते. रेकॉर्डिंग उत्तर देत नाही. मग आधीपेक्षा जास्त रडते. तिला माहीत असलेला आवाज उत्तर द्यायचा, प्रणिता."

विपुल दारात उभं राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "नाई जायचं."

"मी काय म्हटलं जातो म्हणून?"

"तुह्या तोंडावर दिसून राहिलं. आपली गेली. त्याईनं वाचवली नाई. अन् आता दुसऱ्याची रडते म्हणून तू धावत जाशीन? तू काय खुळखुळा हायेस?"

"ते लेकरू जेवत नाई म्हणे," प्रणिता म्हणाली.

"मरू दे ना मंग!" विपुल ओरडला. आणि स्वतःचंच बोलणं ऐकून खाली बसला. मग उठून त्यानं माळ्यावरची तिची बॅग काढून दिली. सोबत मात्र तो गेला नाही.

*

रडणं प्रणिताला जिन्यातच ऐकू आलं आणि तिचे पाय थांबले.

ते तिचंच होतं. आवाज लहान बाळाचा, पण चाल तिची. प्रत्येक हुंदका खालून सुरू व्हायचा आणि शेवटी वर चढायचा. बिहालीऽ. घटांगऽ.

"ऐकलंत?" डॉक्टर कुरेशी म्हणाल्या. "नवी जन्मलेली बाळं आईच्या बोलीच्या चालीत रडतात. हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ही मुळावकरांची मुलगी, आईबाप पुण्याचे, आणि रडते वऱ्हाडीत."

खोलीत केतकी पलंगावर बसली होती. डोक्यावरचे केस अपघातानंतर नुकते वाढत होते, एक पाय आधाराला बांधलेला. मांडीवरचं बाळ जांभळं पडेस्तोवर रडत होतं. केतकी त्याला थोपटत होती, पण थोपटणाऱ्या हाताचा आता विश्वास उडाला होता. तिनं प्रणिताकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती आणि रागही होता.

प्रणिता जवळ गेली. इतक्या महिन्यांत ती कोणाला हाक मारून बोललीच नव्हती.

"काहून रडून राहिली वं माय?" ती म्हणाली. "मी आली ना."

बाळ थांबलं. तोंड उघडंच राहिलं, हनुवटी थरथरत होती. बऱ्याच वेळानं, विचार करून, त्यानं डावा पाय झाडला.

"हो, हो, दिसली तू मले. मागच्या सीटवरची ना तू? बस. आता सेमाडोह येईन."

पाय पुन्हा हलला. प्रणिता पुन्हा बोलली. केतकीनं बाळाला छातीशी घेतलं आणि पहिल्यांदाच ते दूध ओढायला लागलं. आईचं दूध, प्रणिताचा आवाज. केतकीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. प्रणिता बोलायची थांबू शकत नव्हती, कारण थांबली की बाळ दूध सोडत होतं. तिनं धारणीपर्यंत गाडी नेली. तिच्या ब्लाऊजला ओल आल्याचं तिला खूप उशिरा कळलं. कधीच आटलं म्हणून तिनं सोडून दिलेलं दूध.

ती राहिली. इस्पितळानं तिला एक खोली दिली. बाळाचं वजन वाढायला लागलं. केतकी आणि ती दिवसभर एकमेकींच्या समोर बसत. सुरुवातीला बोलत नसत. मग एक दिवस केतकी म्हणाली, "मी गरोदर असताना तिच्याशी इतकं बोलायचे. पुस्तकं वाचून दाखवायचे. ते सगळं तिला ऐकू यायच्या आधीच गेलं. कान उघडले तेव्हा मी वर झोपले होते."

"तुमी काय जानूनबुजून झोपल्या होत्या का?" प्रणिता म्हणाली.

"तिला हे कोण सांगणार?" केतकी म्हणाली.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. नर्सेस त्याला आवाजाची बदली म्हणायच्या. नव्या बाळाचा मेंदू पटकन शिकतो आणि तितक्याच पटकन सोडतो. दोघींनी आधी एकत्र बोलायचं, तेच शब्द, तीच चाल. बाळाला दोन आवाज एकच वाटले पाहिजेत. मग रोज थोडं थोडं करून पहिल्या आवाजानं मागे सरायचं. आधी हळू, मग कुजबुज, मग फक्त जवळ बसणं. मग तेही नाही.

"आणि मग ती मले विसरन," प्रणिता म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही.

केतकी शिकायला लागली. तिच्या पुणेरी जिभेला ते वळण यायचं नाही. "काहून रडून राहिली गं," ती म्हणायची. "गं नाई, वं," प्रणिता सांगायची. "अन् शेवटी वर न्या. उतरवू नका. गाडी घाट चढून राहिली, उतरून नाई." कधी कधी दोघींनाही हसू यायचं. बाळ दोन्हीकडे आळीपाळीनं डोळे फिरवायचं.

ठरल्याप्रमाणे प्रणिताचा आवाज हळू होत गेला. कुजबुजीवर आला. मग ज्या दिवशी तिनं बोलायचंच नव्हतं तो दिवस उजाडला.

बाळ उठलं आणि रडायला लागलं. केतकी बोलली, "काहून रडून राहिली वं माय?" बाळ थबकलं, पाय झाडला, केतकीनं उत्तर दिलं. पण त्याला काहीतरी कमी वाटत होतं. त्यानं मान वळवली, इकडे तिकडे, शोधल्यासारखी. आणि प्रणिताच्या दिशेनं तोंड करून तो चढत जाणारा हंबरडा फोडला.

प्रणितानं पदर तोंडात धरला. डॉक्टर मान हलवत होत्या, नाही, नाही. रडणं वाढत गेलं.

"हाव वं, हाव ना मी!" प्रणिता एकदम म्हणाली. "कुठी गेली मी? इथीच हाव!"

बाळ तत्काळ शांत झालं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी केतकीला जमत आलेलं असायचं आणि दर वेळी प्रणिताला ते सोसायचं नाही. शेवटी केतकीनं बाळ पाळण्यात ठेवलं आणि ती पायावर जोर देऊन उभी राहिली.

"प्रणिताताई, खरं सांगा. तुम्हाला ती सोडायची आहे का?"

प्रणितानं खाली पाहिलं. अद्वैत दाराशी होता, तो आत यायला निघाला. केतकीनं हातानं त्याला थांबवलं.

"नाई," प्रणिता म्हणाली. "नाई सोडायची मले."

केतकीनं पाळण्याचा कठडा धरला.

"मले माहीत हाये, हे तुमची हाये. मी काही येडी नाई झाली. पन मी बोलायची ना, तवा दोघी ऐकायच्या. माही पुढं बसायची, हे मांगं. ज्या गोष्टी माह्या पोरीनं ऐकल्या, त्या साऱ्या दुनियेत आनखी एकाच जिवानं ऐकल्या हायेत." तिनं पाळण्याकडे बोट केलं. "माही पोट्टी कोनी पाह्यली नाई. ना सासूनं, ना नणंदेनं. कोनाले ते आठवत नाई. हिच्या कानात ते थोडी उरली हाये. हे मले विसरली का, तेबी गेली."

केतकी लंगडत जवळ आली आणि प्रणिताच्या शेजारी बसली. ती रडत होती. पण तिनं सांगायचं ते सांगितलं.

"मला तुमच्याकडून ती हिसकावून घ्यायची नाहीये," ती म्हणाली. "पण ती माझ्याकडे बघतच नाही हो, ताई. मी तिला घेते आणि ती माझ्या खांद्यावरून तुम्हाला शोधते. मी मेले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं मला कधी कधी. मग ती सरळ तुमचीच झाली असती."

"असं बोलू नका," प्रणिता म्हणाली.

"मग जा ना हो," केतकी म्हणाली. "मी हात जोडते. जा."

प्रणिता पाळण्याजवळ गेली. बाळ जागं होतं, हात-पाय हलवत होतं. ती बोलली नाही. तिनं आपलं डाव्या हाताचं बोट त्याच्या मुठीत दिलं. त्यानं ते घट्ट धरलं आणि आवाजाची वाट बघत राहिलं. तिनं ओठ दाबून धरले. एकेक करून त्याची बोटं तिनं सोडवली, तेव्हा त्याचा चेहरा रडायच्या आधी होतो तसा आक्रसायला लागला.

"हाकेवर हाक देऊ नका," ती केतकीला म्हणाली. "आधी तिचा पाय हलू द्या. मंग बोला. तिले उशीर लागते."

ती बाहेर पडली. मागून रडणं सुरू झालं. जिना संपेपर्यंत, खालच्या दालनात, औषधांच्या दुकानापाशी, सगळीकडे ते तिला ऐकू येत होतं. मध्येच केतकीचा आवाज यायचा, मग पुन्हा रडणं. फाटकापर्यंत येऊन प्रणिता थांबली आणि कान देऊन उभी राहिली. परत फिरली असती. एक पाऊल फिरलीही होती.

मग वरचं रडणं थांबलं.

ती वाट पाहत राहिली. पुन्हा सुरू झालं नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं, ताई?" तर तिला काही सांगताच येईना. त्यानं पाणी आणून दिलं आणि कोणी वारलं का म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. हो की नाही, ते त्याला कळलं नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात केतकीचा फोन आला. ती आणि अद्वैत मुलीला घेऊन चिखलदऱ्याला जात होते, वाटेत परतवाड्याला येऊ का? प्रणितानं घर झाडून काढलं, आंब्याचा रस केला. विपुल म्हणाला, मी दुकानात जातो. पण गेला नाही. आतल्या खोलीत काहीतरी शोधत असल्यासारखा घुटमळत राहिला.

केतकी आता नीट चालत होती. केस खांद्यापर्यंत आले होते. कडेवरची मुलगी गुटगुटीत, कुरळ्या केसांची. तिचं नाव शाल्मली ठेवलं होतं. तिनं घरभर डोळे फिरवले, पंख्याकडे बघितलं, भिंतीवरच्या पालीकडे बघितलं. प्रणिताकडेही बघितलं, पंख्याकडे बघावं तसंच.

"घ्या ना," केतकी म्हणाली आणि तिनं मुलीला प्रणिताच्या हातात दिलं.

प्रणितानं तिला छातीशी धरलं. किती जड झाली होती. केसांना कसल्याशा तेलाचा वास होता, परक्या घरचा. शाल्मलीनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, खालचा ओठ पुढे काढला आणि ती रडायला लागली. तिच्या रडण्यातला तो चढ गेला होता. आता ती सगळ्या मुलांसारखी रडत होती.

"काहून रडून राहिली वं माय?" प्रणिता म्हणाली. अगदी हळू, जुन्याच चालीत. "मी हाव ना. ओळखली नाई मले?"

शाल्मली आणखी मोठ्यानं रडली. अंग मागे टाकून, दोन्ही हात केतकीकडे पसरून.

केतकी संकोचली. क्षणभर थांबली. पण लेकराचे हात पसरलेले होते. तिनं पुढे होऊन तिला घेतलं, पाठीवर थोपटलं आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "काहून रडून राहिली वं माय? मी हाव ना."

शाल्मली गप्प झाली. तिनं आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथून एका डोळ्यानं प्रणिताकडे पाहिलं.

"चांगलं जमलं तुमाले," प्रणिता म्हणाली. "आता वं म्हनता बराबर."

रस खाऊन झाला. अद्वैतनं दोनदा घड्याळ पाहिलं. निघताना केतकीनं प्रणिताला मिठी मारली आणि ती गाडीत जाऊन बसली. शाल्मली मागच्या काचेतून रस्त्यावरच्या कुत्र्याला हात हलवत होती.

प्रणिता आत आली. विपुल आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"विसरली," ती म्हणाली.

"हं."

"बरं झालं ना. तेच तं करायचं होतं."

विपुलनं रसाच्या वाट्या गोळा केल्या. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आपली कशी होती? मी काचेतून पाहो तं नुसती झोपलेली दिसे."

प्रणितानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हे आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं. तिनं सांगायला तोंड उघडलं. अवखळ होती, असं तिला म्हणायचं होतं. हाक दिली की लगेच लाथ मारे. पण त्याऐवजी तिच्या तोंडून एक आवाज निघाला. इतके दिवस जो आतच होता, तो. ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, ओसरीपलीकडच्या घरांना ऐकू जाईल असं.

शेजारची बाई काय झालं म्हणून दारात आली. विपुलनं हातानं तिला परत जा म्हणून खुणावलं. मग तो प्रणिताजवळ जमिनीवर बसला. त्यानं तिला थोपटलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. ती रडली तितका वेळ तो बसून राहिला.